भट्टीच्या पाठीवरची जागा

हिमधवल, हिमस्तब्ध, हिममूक असा तो स्वीडनमधला शिशिर. सूर्यबिंब क्षितिजाच्या उंबरठ्याशी येई, बोट बाहेर काढून हवा चाचपी, आणि ‘छे बुवा, आज नको’ म्हणत आल्या पावली परते. झाडांच्या सावल्या जमिनीला चिकटून गोठत. लोक त्या पहारीनं उचकटून काढत. खोटं वाटतं? वाटू द्या. याहून अचाट गोष्ट त्याच शिशिरात शहाण्यासुरत्या माणसांनी केली. शेजारच्या फिनलंडवर युद्ध लोटलं, आणि तिथल्या आयांना आपली लेकरं गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून परमुलखाच्या गाडीत बसवावी लागली.

त्या भयमौन बालप्रवाहातून एक थेंब हेडविगच्या शेतघरी आला. हेल्मी. शुभ्रकेशी, नीलनेत्री, आणि मुकी नव्हे, पण इथली भाषा न येणारी.

हेडविग निःसंतान, नीटनेटकी. राग नाकाच्या शेंड्यावर. तिनं हेल्मीसाठी हंसपिसांची गादी घातली, आपल्या हाती विणलेली फेनशुभ्र चादर अंथरली.

सकाळी चादर तशीच फेनशुभ्र. पोर मात्र पाव भाजायच्या विटांच्या भट्टीवर, छताखालच्या पोकळीत, काजळीत माखलेली.

धुतली. निजवली. पुन्हा भट्टीवर. धुतली, दटावली, निजवली. पुन्हा भट्टीवर! हेडविगच्या घासण्यानं साबण झिजला, ब्रश झिजला, संयम तर केव्हाच झिजला.

तिकडे, हेल्मीच्या मुलखात, भट्टीची रुंद, ऊबदार पाठ हाच घराचा पलंग. तिथंच आजे निजतात, तिथंच बाळं वाढतात. पण चिठ्ठीवर नाव होतं, गाव होतं. निजण्याची रीत कोण लिहितो?

आज तर कहर झाला. भट्टीवर हेडविगच्या माहेरचं चिनीमातीचं सूपपात्र ठेवलेलं. पाय पसरायला जागा हवी, म्हणून पोरीनं ते जरासं सरकवलं.

खळ्ळकन्!

“अल्गोट!” हेडविग नवऱ्यावर कडाडली. “घोडा जुंप. आत्ताच्या आत्ता. स्टेशनवर ही पोरं घरोघर सोपवणाऱ्या बाईंना सांगते, न्या हिला!”

“अगं, अनाथालयात टाकतील. पोर आहे, मांजर नव्हे.”

“मांजर परवडलं! ते निदान उंदीर तरी धरतं!”

अल्गोट उसासत बर्फात गेला. हेडविग स्टूल ओढून चढली, पदर नव्हता म्हणून एप्रनच खोचून चढली, अर्ध्यात अडकली, युद्धाला, राजांना, सेनापतींना, विटा रचणाऱ्या गवंड्याला शिव्या मोजत वर पोचली. “चल! ऊठ! खाली हो!”

हेल्मी उठली नाही. रडलीही नाही. सवयीच्या झोपाळू सहजतेनं ती भिंतीकडे सरकली, पाठ भिंतीला टेकली, आणि कडेची जागा मोकळी केली. एका बाईपुरती. पोर झोपेत पडू नये म्हणून कडेला निजणाऱ्या एका बाईपुरती.

हेडविग त्या रिकाम्या विटांकडे पाहत राहिली. रोज सरकत होती का ही अशी? रोज वाट बघत होती का, काजळीत?

“हे मात्र अति झालं,” ती पुटपुटली. मग रागारागानं, धुसफुसत, ती त्या कडेवर आडवी झाली.

“घोडा जुंपलाय!” अंगणातून हाक.

“तर मग सोड! आणि दार लाव, मेल्या, ऊब जाते!”

हिमकण उतरत राहिले, शांत, अविरत, दोन्ही मुलखांवर सारखेच. गोठलेल्या समुद्रापार, बॉम्बच्या भीतीनं काळ्या केलेल्या खिडकीच्या घरात, एक बाई आपल्या भट्टीवर कडेलाच निजली होती. आणि तिच्या पाठीशी, भिंतीलगत, पोरीच्या रिकाम्या जागी, विटा निवत होत्या, हळूहळू, हळूहळू.