बेलझरीच्या फाटकावरचा सवाल

बेलझरीच्या जंगलाला एकच फाटक, आणि त्या फाटकावर रुद्राणी. देवणीच्या बाजारात नवऱ्याच्या किराणा दुकानात गल्ल्यामागं बसून तिची निम्मी हयात गेली होती. गावाच्या वन समितीनं फाटकावर बाई पाहिजे म्हटलं, तेव्हा बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि हिनं हात वर केला.

नवरा, बसवंत, म्हणाला, "जंगलात बसून काय करशील?"

"दुकानात करते तेच. आलेल्याला विचारायचं, गेलेल्याकडं बघायचं. फक्त तिथं लुगड्याला तेलाचे डाग पडत न्हाईत."

जंगल सगळ्यांचं, म्हणून भांडणंही सगळ्यांची. खालच्या पट्ट्यात गावची गुरं चरायची, मधूनच लातूर-उदगीरचे सायकलवाले चिखल उडवत जायचे आणि वर, झऱ्याजवळच्या महादेवापर्यंत, पायी चालणारे. रुद्राणीनं आल्या आल्या तिन्ही वाटा वेगळ्या केल्या. पायवाटेच्या दगडांना निळा रंग, सायकलीच्या वाटेला पिवळा, गुरांच्या वाटेला गेरू. वाटेला वाट मिळते तिथं सायकलवाल्यानं खाली उतरायचं, पायी माणसानं बाजूला सरकायचं आणि गाईनं काहीच करायचं नाही. कुणी कुरकुरला तर ती म्हणायची, "गाईला वाचता येत न्हाई, तुम्हाला येतं. म्हणून नियम तुम्हाला." फाटकाजवळची पाटी तिनंच रंगवली होती. कुत्रं बांधून आणा, चूल पेटवू नका, कुऱ्हाड आणू नका, आत मोठ्यानं ओरडू नका. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ती वाचून दाखवायची. त्यांनी नको म्हटलं तरी.

आषाढात नांदेडहून फिरायला आलेलं एक जोडपं वर चुकलं. सापडलं, पण अंधार पडल्यावर, आणि एकमेकांशी न बोलता. दुसऱ्या दिवशी वनरक्षक शेषेराव फटफटीवर आले.

"वहिनी, नवा नियम. आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, कुठं चाललात. मागं कुणी राहिलं तर शोधायचं कुठं, ते कळाय पाहिजे."

"प्रत्येकाला?"

"हाव. अन दुसरं ऐका. दिवस मावळल्यावर पुन्हा एक जरी माणूस आत राहिला, तर वरचं जंगल बंद. साहेबांनी तोंडावर सांगून टाकलं. मग खाली गावच्या बागेत झोके खेळा म्हणावं सगळ्यांनी."

रुद्राणी हसली, पण आतून चरकली. वरचं जंगल बंद म्हणजे गुरांचा झऱ्याचा पाणवठा बंद. सायकलवाले दुसरीकडं जातील, त्यांना काय. पण रोज संध्याकाळी, फाटक लावायच्या आधी, मागं कुणी राहिलं का ते बघायला ती निळ्या दगडांवरून झऱ्यापर्यंत एक फेरी मारायची. तेवढ्या फेरीत तिला कुणी हाक मारत नसे. लग्नानंतर अशी वाट तिला पहिल्यांदाच मिळाली होती, जिच्यावर ती कुणाची सून, कुणाची आई, कुणाची दुकानवाली वहिनी नव्हती. ही फेरी सोडायची तिची अजिबात तयारी नव्हती. तिनं ठरवलं, विचारू. त्यात काय!

त्यात काय, ते दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं. दानम्मा आली. बसवंतची चुलती, म्हणजे रुद्राणीची चुलत सासू. पुढं तीन काळ्या-पांढऱ्या देवणी गाई, मागं ही, हातात काठी.

"शरणु, आत्या," रुद्राणीनं हात जोडले. "कुठं निघाल्या?"

दानम्मा जागच्या जागी थांबली. गाई निघून गेल्या, पण बाई हलेना. निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारलं की काम नासतं, हे रुद्राणीला काय माहीत नव्हतं? तिच्या आईनं याच गोष्टीवरून तिला लहानपणी चिमटे काढले होते.

"पोरी," दानम्मा म्हणाली, "तुझ्या सासऱ्याला असंच कुणी विचारलं होतं, अन त्या दिवशी बैल पांगळा झाला." ती लिंबाखाली बसली, तांब्यातलं पाणी प्याली, आल्या वाटेनं चार पावलं मागं गेली आणि नव्यानं निघाली.

नियम म्हणजे नियम. "कुठं, आत्या?"

पुन्हा लिंब, पुन्हा पाणी.

तिसऱ्या वेळेला दानम्मानं तांब्या उलटा करून दाखवला. "पाणी संपलं. आता विचारलंस तर तुझ्याच घरी येऊन बसते चार दिवस."

रुद्राणीनं फाटक उघडलं.

मग गावानं यावर तोड काढली. विचारलं की सगळे म्हणायचे, "इथंच." सरपण वेचणाऱ्या बाया इथंच. महादेवाला बेल वाहणारे इथंच. एकानं तर खांद्यावर घोंगडी, कमरेला भाकरी बांधून "इथंच जरा" म्हटलं आणि दिवस कलल्यावर परतला. शहरचे सायकलवालेही हे शिकले. लातूरला क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवणारा रविकिरण दर रविवारी यायचा, तोही हसून म्हणायचा, "इथंच, मावशी." रुद्राणीला राग यायचा आणि हसूही. विचारायचं तिनं सोडलं नाही, पण उत्तराकडं कान देणं सोडलं.

श्रावणातल्या एका रविवारी दानम्मा फाटकावर आली ती उत्तर तयार ठेवूनच.

"इथंच!" रुद्राणीनं तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली. मग काठी टेकत पुढं गेली आणि मान वळवून म्हणाली, "येते गं. येताना करटुली आणते, बसवंताला आवडतात."

"बरं," रुद्राणी म्हणाली आणि एका कुत्रेवाल्याशी भांडायला वळली.

दिवस टेकडीकडं कलला. शेषेराव आले होते; रविवारी ते हटकून यायचे. आत गेलेले एकेक करून बाहेर पडले. रविकिरण आणि त्याचे दोघं सोबती चिखलानं माखून आले आणि पाणी प्यायला थांबले. शेवटी गळ्यातल्या घंटा वाजवत तीन काळ्या-पांढऱ्या गाई आल्या, नेहमीच्या चालीनं, कुणाचीही फिकीर न करता. मागं कुणी नव्हतं.

रुद्राणीनं वाट पाहिली. मग आणखी पाहिली.

शेषेरावांनी विचारलं, "दानम्मा अव्वा कुठं गेल्या म्हणाल्या?"

"इथंच म्हणाल्या."

"इथंच म्हणजे?"

"सकाळपासून अख्खं गाव इथंच गेलंय, भाऊ."

शेषेरावांनी खिशातून फोन काढला. त्यांनाही ते गोड वाटत नव्हतं. त्यांची आईसुद्धा 'कुठं' विचारलं की पाणीच पीत असणार. "वहिनी, मला साहेबांना कळवावं लागतंय. तीन वाटा, तीन दिशा. कुठं बघायचं?"

रुद्राणी धास्तावली. आधी म्हातारीसाठी आणि लगेच, मान्य करायला लाज वाटली तरी, त्या निळ्या दगडांसाठी. पण आवाज दुकानातलाच निघाला, उधारीवाल्यालाही चहा पाजून बसवणारा.

"फोन ठेवा. दिवस अजून टेकडीवर हाय. मावळल्यावर म्हणाले न्हाई का साहेब? मग अजून वेळ हाय."

आणि बोलता बोलताच तिला आठवलं. जाताना म्हातारी खोटं बोलली होती. पण येण्याबद्दल? येण्याबद्दल कशाला खोटं बोलेल?

"करटुली!" ती म्हणाली. "करटुली आणते म्हणाल्या त्या."

"मग?"

"मग काय? करटुली वाटेवर पिकतात का? बांबूच्या बेटाखालच्या ओघळीला, काटेरी झुडपावर वेल हाय. चला. रविकिरण, तू पण चल. सायकल घे, पण बसू नको. पुढं पायवाट हाय."

"मावशी, आता कोण बघतंय?"

"मी."

बांबूच्या कडेला उतरताना शेषेरावांनी शिट्टी मारली. उत्तर नाही. रुद्राणीनं हाका मारल्या, "आत्या! आत्या, ओ द्या!" उत्तर नाही. ती काट्यांतून आणखी खाली उतरली. मग झुडपाच्या पलीकडून हळू, चिडका आवाज आला.

"कशाला बोंबलून राहिलीस? जंगलात ओरडायचं न्हाई."

दानम्मा ओघळीच्या काठावर पाय पसरून बसली होती. घोटा सुजला होता, ओटी करटुल्यांनी भरली होती.

"आत्या, आमच्या हाका ऐकू आल्या न्हाईत?"

"पहिल्यापासून येऊन राहिल्यात."

"मग ओ का दिली न्हाई?"

"तूच पाटी वाचून दाखवली ना? मोठ्यानं ओरडू नका. न्हाई म्हणत होते, तरी वाचलीस. आता मी पाळला नियम, तर तुझंच तोंड वाकडं."

शेषेराव दुसरीकडं बघून मिशीतल्या मिशीत हसले. रुद्राणी म्हातारीजवळ बसली आणि तिचा सुजलेला पाय मांडीवर घेतला. घोटा चाचपत राहिली. दानम्मानं तिच्या डोक्यावरचा काटा काढून टाकला.

"रडू नको. मोडला न्हाई, नुसता मुरगळलाय."

"मी कुठं रडते?"

"बघ, पुन्हा कुठं!"

रविकिरणनं सायकल पुढं आणली. दानम्मानं ती पुढून मागून पाहिली.

"कॅरेज कुठाय?"

"ह्या सायकलीला नसतं, अव्वा."

"एवढी जाडजूड चाकं अन कॅरेज न्हाई? मग बाई बसवायची कुठं?"

शेवटी तिला सीटवर आडवी बसवली. एका बाजूनं शेषेराव, दुसऱ्या बाजूनं रुद्राणी आणि हँडल धरून रविकिरण. तो चालत होता, ती बसली होती, म्हणजे नियम मोडला की नाही, यावर फाटकापर्यंत चर्चा झाली. दानम्माचा निकाल असा की नियम चालवणाऱ्याला असतो, बसणाऱ्याला नसतो. चौघंही फाटकाबाहेर पडले तेव्हा टेकडीवर उन्हाची एक लाल किनार उरली होती. रुद्राणीनं ती शेषेरावांना बोट करून दाखवली आणि मग फाटक लावलं.

"सुटलो," शेषेराव म्हणाले. "पण वहिनी, उद्या पुन्हा इथंच."

"न्हाई. उद्यापासून सवाल वेगळा. येताना काय आणणार, अन कोणत्या अंगानं येणार. माणसानं येण्याचं बोलावं, त्यात अपशकुन कसला?"

"साहेबांनी मान्य केलं पाहिजे ना."

"साहेबांना एकदा इकडं पाठवा. मी विचारते त्यांना."

साहेब आठवड्यातच आले. फाटक उघडायच्या आधी रुद्राणीनं नमस्कार केला आणि विचारलं, "साहेब, येताना कोणत्या अंगानं येणार, अन काय आणणार?" साहेब गोंधळले. मग पाटीकडं बघून म्हणाले, "झऱ्याकडून येतो. आणि... बेलाची पानं आणू का? आई आहे घरी." रुद्राणी म्हणाली, खुशाल आणा, पण हातानं तोडून. वरचं जंगल उघडं राहिलं. आता सरपणवाल्या बाया तर इतकं सविस्तर सांगतात की थांबवावं लागतं: कोणत्या ओढ्यानं, कोणत्या झाडाखालून, सोबत कोण, आणि तिची जाऊ कशी आहे.

पाय बरा होईपर्यंत दानम्माला गाईंमागं जायची बंदी होती. ती फाटकाजवळ खुर्ची टाकून बसू लागली आणि स्वतःला वाचता येत नसतानाही येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाटी वाचून दाखवू लागली. एका संध्याकाळी रुद्राणी फेरीला निघाली. चपला चढवल्या, पदर खोचला.

"सूनबाई," दानम्मानं काठी आडवी धरली. "येताना काय आणणार?"

रुद्राणी थबकली. माहेराहून निघताना, बाजारातून येताना, यात्रेहून परतताना, तिनं कायम कुणासाठी तरी काही ना काही आणलं होतं.

"काही न्हाई, आत्या. रिकाम्या हातानं येणार."

दानम्मानं काठी बाजूला घेतली.

"बरं. निळ्या दगडांनीच ये मग. घाई करू नको, दिवस अजून हाय."