साहेबांच्या दौऱ्याला गेलेली दमणी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी एक जुनी दमणी आहे. मला गाडा म्हणू नका. शेणखत, कडबा, कापसाची बोचकी यांच्याशी माझा कधी संबंध आला नाही. दमणी असते माणसांसाठी. वर कमानीचं छत, आत गादी, दोन्ही बाजूंना पडदे. आता पडदे उंदरांनी खाल्ले आणि छताला भोकं पडली, पण माझा तोरा काही कमी झालेला नाही.

शहाद्याच्या एका सुताराने मला घडवलं, तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. अंगाला सातपुड्याचा साग, चाकांना बाभूळ. चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, गोवऱ्यांच्या जाळात लाल केली, चाकावर ठोकून बसवली आणि वरून घागरी ओतल्या. लोखंड आकसलं आणि त्याने लाकडाला घट्ट आवळून धरलं. हे आवळणं सुटलं की चाक संपलं, हे लक्षात ठेवा.

माझ्या मालकाने, भिलाने, मला करून घेतलं ते त्याच्या बायकोसाठी. गजराबाई लहानपणी माळ्यावरून पडली होती. तिचा खुबा कायमचा निखळला. घरातून ओट्यापर्यंत ती भिंत धरून येई, त्यापुढे नाही. मी आले आणि तिला जग मोकळं झालं. शहाद्याचा बाजार, तापीपलीकडची बहीण, सारंगखेड्याची जत्रा, सगळीकडे आम्ही दोघी. मी दारात उभी राहिले की ती सुनांना म्हणे, "मन्हा पाय उनात," म्हणजे माझे पाय आले. एवढं कौतुक मी पुन्हा कुणाकडून ऐकलं नाही. नदी ओलांडताना भिला मला मुद्दाम पाण्यात उभी करी. लाकूड पाणी प्यालं की फुगतं आणि धाव घट्ट राहते.

भिलाच्या शेजारी सुकलाल शिंपी राहत असे. बोलका, हौशी, आणि थोडा बढाईखोर. त्याने हप्त्यांवर शिवणाचं मशीन घेतलं होतं. हप्ते थकले होते. त्याच सुमारास त्याच्या मुलीला, धनूला, पाहायला नंदुरबारकडच्या गावचे भिकन शिंपी, मुलाचे वडील, येणार असं ठरलं. सुकलालने भिलाकडे मला मागितलं. पाहुण्यांच्या बायकांना देवदर्शनाला न्यायचं, असं कारण सांगितलं. खरं कारण असं, की दारात दमणी दिसली की घर भरल्यासारखं दिसतं. गजराबाई लगेच हो म्हणाली. आमच्याकडे लग्नकार्याला दमणी मागितली तर कुणी नाही म्हणत नाही, आणि पाहुण्यांसमोर ती आपली असल्याचं मालकही म्हणत नाही. मागणाऱ्याची मान खाली जाऊ नये, एवढाच त्यात हेतू असतो. चांगला रिवाज आहे. त्यानेच माझा घात केला.

पाहुणे आले, तेही दमणीतूनच. सुकलालने माझे बैल हाकून पाहिले, तर ते जागचे हलेनात. शेवटी भिलाने हाक दिली तेव्हा निघाले. दर्शन झालं, बैल पाण्यावर गेले, मी अंगणात उभी राहिले. घरात सुकलाल मशीन चालवून पाहुण्यांना दाखवत होता. तेवढ्यात मशीनचा एजंट दोन माणसं घेऊन दारात आला. त्याच्या हातातल्या कागदात मशीन उचलायचा हुकूम होता.

सुकलाल धावत बाहेर आला. एजंटला तो माझ्या आडोशाला घेऊन आला आणि पुटपुटला, की मशीन राहू दे, त्याऐवजी ही दमणी घेऊन जा, माझीच आहे. एजंटने भिलाकडे पाहिलं. भिला तिथेच, जुवाला टेकून उभा होता. ओसरीवर भिकन शिंपी पान लावत होते. भिलाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा सुकलालकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी ओरडले असते, पण दमणीला कुठे तोंड असतं?

पाहुण्यांना सुकलालने सांगितलं, की मोठ्या साहेबांचा दौरा आहे, त्यासाठी सरकारने आमची दमणी मागवली आहे. पाहुण्यांनी माना डोलावल्या. सोयरीक जमली. आणि मी परक्या बैलांच्या मागे नंदुरबारची वाट धरली. जाताना सुकलाल भिलाच्या कानाशी म्हणाला, "दोन दिन दम धर, भिलाभाऊ. मी सोडी आनसू."

सोडवून आणायच्या त्या दोन दिवसांचा उन्हाळा झाला.

एजंटच्या दुकानामागे उंच भिंतींचं एक आवार होतं. माझ्या चाकांतून साखळी घातली, तिला कुलूप लावलं. तिथे सावली नव्हती. भिंतीपलीकडून रस्ता जात असे. दुसऱ्या दमण्यांची घुंगरं वाजत यायची आणि लांब निघून जायची. मी नुसती ऐकत राहायची. कुणी पाणी ओतेना, कुणी तागाचा ओला तुकडा चाकावर टाकेना. बाभूळ सुकली, आकसली. चाकाचे दांडे, म्हणजे आरे, आपल्या खोबणीत हलू लागले. माझ्या गादीवर लाकडी खोकी रचली, त्यांच्या वजनाने तळाची फळी तडकली. मग वाळवी आली. तिला मात्र कुलूप आड येत नव्हतं.

भिला कितीदा तरी आला. एजंट त्याला फाटकाच्या आत घेईना. मालकाने स्वतः दिली आहे, तू कोण, असं विचारी. एकदा भिलाने गजांतून हात घातला आणि जवळच्या चाकाला लावला. धाव त्याच्या बोटांखाली सैल हलली. तो निघून गेला. मला फार रडू आलं, मित्रांनो, तेव्हा कोरडी होते तरी.

घरी काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. धनूचं लग्न झालं. शेजारचं लग्न, पण गजराबाई मांडवापर्यंत गेली नाही. तिला उचलून नेलेलं आवडत नसे. ती ओट्यावरून सनई ऐकत बसली. बहिणीकडे जाणं थांबलं, बाजार थांबला. मी तिथे कोंडलेली, ती इथे. सुकलाल रोज येऊन ओट्याच्या पायरीवर बसे आणि खाली पाहत राही. हप्ते भरून मला सोडवण्याइतकं त्याच्याजवळ लग्नानंतर उरलंच नव्हतं. शेवटी गजराबाईनेच नवऱ्याला कोर्टात जायला लावलं. दमणी परत हवी, आणि तिची जी दशा केली तिची भरपाईही हवी.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी नंदुरबारच्या कोर्टात सुनावणी निघाली. मुन्सफसाहेबांनी मलाही हजर करायला सांगितलं. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली मला ओढत आणलं. एजंटच्या वकिलाचं म्हणणं असं, की दमणी एक पाऊलही चालवलेली नाही, तेव्हा नुकसान कसलं? साहेब पायऱ्या उतरून आले आणि मला पुढे ढकलायला सांगितलं. माझी डावी धाव निसटली आणि खणखणत जाऊन भिंतीपाशी पडली. मग आरे गळाले. मी एका अंगावर बसले, भर लोकांत.

नुकसान सगळ्यांना दिसलं. पण वकील हुशार होता. त्याने विचारलं, की दमणी नेली तेव्हा हा भिला समोर उभा होता ना? मग गप्प का बसला? गप्प बसला म्हणजे संमती दिली. आणि सुकलालने दमणी स्वतःची म्हणून सांगितली, याला साक्षीदार म्हणून त्याने भिकन शिंप्यांनाच बोलावलं होतं. धनू त्यांच्यामागे डोक्यावर पदर घेऊन उभी होती. पहिल्या आखाजीला माहेरी चालली होती.

साहेब म्हणाले, "भिला, तुम्ही त्या दिवशी का बोलला नाहीत, एवढंच सांगा. त्यावरच सगळं आहे."

भिला पेचात पडला. सांगावं तर सुकलालने सोयऱ्यांना फसवलं हे उघड होणार, आणि धनूला पुन्हा त्याच घरी नांदायचं आहे. न सांगावं तर मी गेले, भरपाई गेली. त्याने गजराबाईकडे पाहिलं. ती भाड्याच्या खटाऱ्यात पोत्यांना टेकून बसली होती. तिची नजर धनूवर होती. धनूने पदर आणखी पुढे ओढला.

"सायेब," गजराबाई म्हणाली, "आमले काहीच नको. आमी दावा मांगे लेतस."

ती दावा मागे घेत होती, आणि तिला मी किती हवी होते ते मला ठाऊक होतं. म्हणून तर ते वाक्य मला धाव निसटली त्याहून जास्त लागलं. कोंडवाड्यात मी सुटकेची आशा धरून होते. आता तीही नव्हती.

तेव्हा भिकन शिंपी पुढे आले. टोपी नीट केली, घसा खाकरला.

"सायेब, दमनी याहीनी, सुकलालभाऊनी, नही, हाई माले त्याच दिनले समजनं व्हतं. बैलस्नी भिलाभाऊनी हाक आयकी, याहीनी नही. पन मी बोलनू नही." त्यांनी सुकलालकडे पाहिलं. "मी ज्या दमनीमा बशीसन पोर देखाले गयथू, तीबी मांगी आनेल व्हती."

म्हणजे त्यांचीही दमणी मागून आणलेली होती, तरी कोर्टाच्या आवारात कुणी हसलं नाही. सुकलाल मात्र तिथेच मातीत बसला आणि रडू लागला. मग उठून त्याने सगळं सांगितलं, हप्त्यांपासून दौऱ्यापर्यंत. साहेबांनी एजंटला बजावलं, की तुझा हुकूम मशीनचा होता, दमणीचा नव्हता, आणि कुणी गप्प उभा राहिला म्हणून त्याची वस्तू तुझी होत नाही. नवी चाकं, नवी फळी, सगळ्याचा खर्च त्याच्यावर बसला.

पण त्या दिवशी घरी जायचं कसं? मला चाकंच नव्हती. शेवटी मला उचलून त्या भाड्याच्या खटाऱ्यावर चढवलं. दमणी, आणि खटाऱ्यावर लादलेली! एरवी मी लाजेने मेले असते. पण गजराबाईने हट्ट धरला, की बसेन तर माझ्या दमणीतच. जन्मात जिने कुणाला स्वतःला उचलू दिलं नाही, तिने भिलाला आणि सुकलालला हात देऊन स्वतःला वर चढवू दिलं. धनू तिच्या शेजारी येऊन बसली, आणि गजराबाईने फाटक्या पडद्याआडून सगळं नंदुरबार पाहून घेतलं.

मित्रांनो, शेजाऱ्याची वस्तू खुशाल मागा, त्यात कमीपणा नाही. तिला सावलीत ठेवा, पाण्याला विसरू नका. आणि कुणी विचारलं की ही कुणाची, तर जिची असेल तिचं नाव सांगा. मोठ्याने सांगा, पाहुणे बसलेले असले तरी.