डेल्फियाचं नाक

टेनेसीच्या त्या डोंगरात व्हर्लिन लेडफर्डच्या नाकाला मान होता. तांब्याच्या भट्टीतून दारूची धार सुरू झाली की पहिली फेकून द्यायची धार कुठे संपते आणि पिण्याजोगी कुठे सुरू होते, हे तो नुसत्या वासावर सांगायचा. परवाना नव्हता तेव्हा ओढ्याकाठच्या झाडीत लपून गाळायचा. आता परवाना भिंतीवर चौकटीत लटकत होता आणि तंबाखूच्या जुन्या कोठारात राजरोस भट्टी लागत होती. पण नाक तेच. कुणी थर्मामीटरचं नाव काढलं की म्हणायचा, "थर्मामीटर बघून दारू गाळणारा माणूस बायकोचा मुकाही घड्याळ लावून घेत असेल."

त्या हिवाळ्यात तो तापाने अंथरुणाला खिळला. उठला तेव्हा नाक गेलेलं. म्हणजे नाक होतं जागेवर, वास गेला होता. आज येईल, उद्या येईल म्हणत त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच.

बायको डेल्फिया बाप्टिस्ट चर्चची पक्की. दारूचा थेंब तिने आयुष्यात जिभेला लावला नव्हता. कोठारात यायची ती जेवणाचं ताट घेऊन, आणि तेही दारातच ठेवून जायची.

एक दिवस ती कोंबड्यांना दाणे टाकून घरात आली, तर ओव्हनमधून धूर येतोय, मक्याचा पाव जळून कोळसा झालाय, आणि व्हर्लिन शेजारच्याच खुर्चीत निवांत सुरी परजतोय. तिने खिडक्या उघडल्या. संध्याकाळी तिने सफरचंदाचं सारण भरून भाजलेला 'पाय' त्याच्यापुढे ठेवला.

"वा! दालचिनीचा काय वास सुटलाय," व्हर्लिन म्हणाला.

"सुटलाय ना?"

"घर भरलंय नुसतं."

"दालचिनी गेल्या रविवारीच संपली," एवढं ती मनात म्हणाली आणि त्याला आणखी एक तुकडा वाढला.

आजारपणानंतरची पहिली भट्टी व्हर्लिनने अंदाजाने उतरवली. धारेखालची बरणी कधी बदलायची ते देवावर सोडलं. लाकूड वाहणारे ट्रक चालवणारा होबार्ट त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि पेला हलकेच खाली ठेवला.

"व्हर्लिन, ही माणसांसाठी आहे की ट्रॅक्टरसाठी?"

"तुझ्या तोंडाची चव गेलीय!" व्हर्लिन उसळला.

"असेल बाबा. आता तर नक्कीच गेली," म्हणत होबार्ट पाणी मागायला घराकडे वळला.

थोड्या वेळाने डेल्फिया आली. या खेपेला हातात ताट नव्हतं, आणि ती दारात थांबलीही नाही. सरळ भट्टीपाशी आली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दालचिनीचा वास यायला लागल्यापासून म्हण हवं तर."

व्हर्लिन बादलीवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तापापासून," तो म्हणाला. "कॉफी म्हणजे गरम पाणी. तुझा पाय म्हणजे ओला पुठ्ठा. मी संपलो, डेल्फी."

"माझा पाय पुठ्ठा? आणि दोन तुकडे खाल्लेस?"

"खाल्ले नसते तर तुला कळलं असतं!"

ती हसली नाही, पण हसू दाबताना तिची हनुवटी हलली. मग म्हणाली, "पुढची भट्टी लागेल तेव्हा मला हाक मार."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"लग्न झाल्यापासून तुझे शर्ट कोण धुतंय? कुठल्या दिवशी कुठली धार अंगावर सांडून आलास ते मला टबाशी उभी राहून कळतं."

पुढच्या शनिवारी ती एप्रन बांधून धारेपाशी खुर्ची टाकून बसली. व्हर्लिन विस्तव सांभाळत होता. धार नुकती सुरू झाली होती आणि तिने बरणीवर नाक धरलं होतं, तेवढ्यात चर्चचे पास्टर, ब्रदर एस्टिल, दारात उभे. उद्याच्या पंगतीला पाय किती आणणार, एवढंच विचारायला आले होते.

"सिस्टर डेल्फिया!"

व्हर्लिनच्या हातातलं लाकूड गळून पडलं. डेल्फियाने मान वर केली नाही.

"मी हुंगतेय, ब्रदर एस्टिल. गिळत नाहीये. हुंगायला कुठे बंदी लिहिलीय ते दाखवा, लगेच उठते."

पास्टरांनी विचार केला. आठवेना. ते दोन पावलं पुढे आले, मग आणखी दोन. "पण हुंगायचं काय असतं एवढं?"

"या, बघा."

ते वाकले. "अगं आई गं! हे तर नखांचा रंग काढायच्या औषधासारखं!"

"म्हणजे अजून थांबायचं," डेल्फिया म्हणाली.

मग ब्रदर एस्टिल हलेचनात. दर थोड्या वेळाने वाकायचे आणि म्हणायचे, "अजून तेच." मध्येच व्हर्लिनने विचारलं, "ब्रदर, खुर्ची आणू का?" तर ते लाल झाले, पण खुर्ची घेतली. शेवटी डेल्फियाने एकदम हात वर केला. "आता!" व्हर्लिनने बरणी बदलली. पास्टर वाकले आणि वाकलेलेच राहिले. "उन्हात वाळलेला मका," ते हळूच म्हणाले, आणि पायचं विचारायचं विसरून निघून गेले.

दुसऱ्या दिवशीचं प्रवचन जिभेच्या पापांवर झालं. नाकाबद्दल अवाक्षर नव्हतं.

होबार्टने नवी बरणी चाखली, परत चाखली. "व्हर्लिन, तुला इतकी चांगली कधी जमली नव्हती."

"मन लावून केली," व्हर्लिन म्हणाला. डेल्फिया खोकली. "बरं, तिने केली," तो पुटपुटला. होबार्टने टोपी काढून तिला सलाम केला, तशी ती लाजून घरात पळाली.

तेव्हापासून दर भट्टीला तिची खुर्ची धारेपाशी असायची. व्हिस्कीचं आंबवण गाळून ओकच्या पिंपात भरायचं, तेव्हाही तिच्या हाताच्या इशाऱ्याशिवाय बरणी हलायची नाही. व्हर्लिन आधी कुरकुरला, मग सवय झाली. एरवी दिवसभर एकटाच विस्तवाशी बोलायचा; आता चर्चमधल्या सगळ्या भानगडी त्याला बसल्या जागी कळायला लागल्या.

वसंतात एका सकाळी तो तिच्या मागून लाकडं घेऊन जात होता आणि अचानक साबणाचा वास आला. तिच्या केसांचा. मग मक्याचा, धुराचा, मग धारेचा. डेल्फियाचा हात वर व्हायच्या आधीच त्याला कळलं की आता बदलायची. त्याने तोंड उघडलं. मग मिटलं. लाकडं खाली ठेवली आणि बादली तिच्या खुर्चीजवळ ओढून बसला.

"आता!" ती म्हणाली. त्याने बरणी बदलली.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. तू पुढे सांग. ब्रदर एस्टिलची बायको काय म्हणाली मग?"