चौथी पायरी

कराडच्या मैदानावर अंतिम सामन्याची पाच मिनिटं उरली होती. आटपाडीच्या पोरी तीन गुणांनी मागे होत्या, आणि चढाईला सगळ्यात चपळ असलेली जैनब बाकावर बसून होती. तिला तिथं बसवणारी सोनम शेजारीच उभी होती. बक्षिसाच्या टेबलावरच्या कपावर सोनमच्या वडिलांचं नाव होतं, बिरदेवअप्पांचं. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. त्यांचा संघ आता तीच बघत होती.

"आगं, उतरीव की हिला," धनाजीकाका म्हणाले. ते अप्पांच्या हाताखाली खेळलेले, आता संघाची व्यवस्था बघत. "बापाच्या नावाचा कप दुसऱ्याच्या गावाला धाडतीस व्हय?"

"तिची चौथी पायरी चाललीय, काका. सामना सहावी."

"पायऱ्या! कबड्डी खेळतोय का डोंगरावरच्या देवाला निघालोय?"

बाकावरच्या पोरी फिसकन हसल्या.

अप्पांचा एक रिवाज होता. डोक्याला मार लागला की कांदा फोडून नाकाशी धरायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. गुण किती, बाद किती, चढाई कुणाची? उत्तरं बरोबर आली की पाठीवर थाप, चल आत. चाळीस वर्षं ही परीक्षा चालली. पोरीही बेरकी. पडलेलीला उठवता उठवता तिच्या कानात उत्तरं सांगून टाकायच्या. मैत्रिणीला बाहेर बसू द्यायचं नाही, एवढाच त्यांचा हेतू. बारा दिवसांपूर्वी सरावात जैनबचं डोकं दुसरीच्या गुडघ्यावर आदळलं, तेव्हा सोनमनंही तेच तीन प्रश्न विचारले. तिन्ही उत्तरं बरोबर आली. आत गेलेली जैनब दम धरून आपल्याच पोरींवर चालून गेली आणि मग रेषेवर ओकली.

सांगलीच्या डॉक्टरांनी सहा पायऱ्या लिहून दिल्या. घरातली हलकी कामं, मग चालणं, पळणं, कुणाचा धक्का न लागता सराव, त्यांनी तपासल्यावर पकडींसकट सराव, शेवटी सामना. एका पायरीला निदान एक दिवस. डोकं दुखलं किंवा गरगरलं की थांबायचं, आणि बरं वाटल्यावर एक पायरी खालून धरायचं. आज सकाळी जैनब गाडीच्या सावलीत डोळे मिटून उभी राहिलेली सोनमनं पाहिली होती.

"ताई, मला कायबी हुत न्हाई," जैनब म्हणाली. "विचारा की गुण किती झालं!"

"ते समोर फळ्यावर लिहिलंय."

"अप्पा असते तर उतरवली असती," काका म्हणाले.

"उतरवली असती. आणि मी त्यांच्याशी भांडले असते. ते नाहीत, म्हणून तुमच्याशी भांडतेय."

काकांनी तोंड फिरवलं आणि खेळाडू बदलायला पंचांकडे हात वर केला. पंचांचं लक्ष जायच्या आधीच सोनम गुणलेखकाच्या टेबलापाशी पोचली होती.

"आमची बारा नंबर आज खेळणार नाही. लिहून घ्या."

"कारण?"

"डोक्याला मार आहे."

त्यानं बाकाकडं पाहिलं. ना पट्टी, ना टाका. "दिसत तर न्हाई काय."

"दिसत नाही, म्हणूनच लिहा."

दोन गुणांनी गेला सामना. हरणाबाईंनी, सोनमच्या आईनं, नवऱ्याच्या नावाचा कप साताऱ्याच्या पोरींच्या हातात दिला. मागून कुणीतरी म्हणालं, "बापाचं नाव घालवलं पोरीनं." सोनम पाण्याच्या बाटल्या गोळा करत राहिली.

गाडी परत निघाली. आटपाडीकडं नेणारा विट्याचा फाटा जवळ आला तशी जैनब पुढच्या सीटवर येऊन बसली.

"ताई, सकाळी दुखत हुतं."

"कधीपासून?"

"थांबलंच न्हवतं. पायऱ्या सरत हुत्या, म्हणून बोलले न्हाई."

सोनमनं तिचा हात धरला. मग ड्रायव्हरला म्हणाली, "विट्याला वळू नका. सांगलीला घ्या. डॉक्टर आठपर्यंत बसतात."

"आगं, पोरींच्या घरची वाट बघत असतील," मागून काका म्हणाले. "लय उशीर हुईल."

"होऊ दे. घरोघरी फोन करा आणि का उशीर होतोय तेही सांगा. आणि काका, दुखायचं थांबलं की ती आधी नुसती चालणार आहे, पळणार नाही. कुणी हसलं तर माझ्याकडं धाडा."

काका सीटवर पुढं सरकले. मग खिशातून फोन काढून म्हणाले, "नंबर सांग गं, जैनब. तुझ्या बापाचा आदी."