सारेचं पान

शेवटच्या गुरुवारी बाबांनी दोन वाट्या कुब्ब्यांचं, म्हणजे खिमा भरलेल्या रव्याच्या गोळ्यांचं, सूप प्यायलं, लिंबू कमी पडलं म्हणून मला बोलले आणि एका माणसाचा अपमान करायला मला टेबलाशी बसवलं.

जर्मनीतल्या कुणा तरुण संशोधकाचं पत्र आलं होतं. बाबांच्या पुस्तकाचा आधार असलेलं, इथल्या ख्रिस्ती मठातलं सिरियाक, म्हणजे जुन्या अरामीतलं, हस्तलिखित त्याला जेरुसलेमला येऊन प्रत्यक्ष पाहायचं होतं. पानांच्या क्रमाबद्दल त्याला ‘एक किरकोळ शंका’ होती.

“लिही,” बाबा म्हणाले, “मठवाले परक्यांना पोथी दाखवत नाहीत.”

“हल्ली दाखवतात, बाबा.”

“तू त्याची वकील की माझी लेखनिक? लिही. आणि आदराने लिही, तिर्झा. अपमान आदरातच नीट बसतो.”

मी आदराने लिहिलं. एकही खाडाखोड केली नाही. तेवीस वर्षांची सवय होती.

ते पुस्तक, ‘सारा बोलली’, थोडक्यात असं. देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम मुलाला बळी द्यायला डोंगरावर नेतो, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मुलाच्या आईबद्दल बायबल तिथे अवाक्षर काढत नाही. पण जुन्या सिरियाक धर्मगुरूंनी पद्यात प्रवचनं रचली आणि त्यांत सारेला वाचा दिली. बाबांच्या पोथीत नवरा दारातून निघण्याआधी सारा त्याला तोंडावर सांगते: मला ठाऊक आहे तुम्ही कुठे निघालात. अशी बाई दुसऱ्या कुठल्याच प्रवचनात नव्हती. त्यातच बाबांना कैरोच्या जुन्या कागदांत एक फाटका हिब्रू तुकडा सापडला. त्यावर ‘आणि सारा त्याला म्हणाली’ एवढंच होतं, पुढचं उंदरांनी खाल्लेलं. बाबांनी दोन्ही जोडलं आणि सिद्ध केलं, की ही धीट सारा ख्रिस्ती कवीने ज्यूंकडून घेतली. त्यावर त्यांना अध्यासन मिळालं, पारितोषिक मिळालं, आणि चार आवृत्त्या निघाल्या.

आता माझा भाग. १९७९ साली मी अकरा वर्षांची होते. तेव्हाचे बिशप पोथीला हात लावू देत नसत. त्यांनी एकदाच फोटो काढायची परवानगी दिली. मठाची पुस्तकं सांभाळणारे मल्केकाका बाबांचे मित्र. काकांच्या घरी तुर्कस्तानातल्या मिद्यातची अरामी, आमच्या घरी इराकमधल्या झाखोची. एकमेकांची भाषा अशुद्ध ठरवण्यात दोघांनी जन्म घालवला. काकांनी चौसष्ट फोटो काढले आणि मागे आकडे घालायला विसरले. बाबांनी ते जमिनीवर ओळीने मांडले आणि वर्गावर गेले. तो शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्याकडे, संध्याकाळी शब्बाथ लागायच्या आधी, फरशी धुतात. पोथी असो की प्रेषित, आई बादली ओतायचीच.

“उचल ती भुतं,” आई म्हणाली.

मी उचलली. एक फोटो पाण्याबरोबर कपाटाखाली गेला. तो पुसून मी जिथे जागा दिसली तिथे सरकवला. त्या पोथीत दर पानाच्या शेवटी कडवं पुरं होतं, त्यामुळे कुठलंही पान कुठेही बसतं. ते तर फारच छान बसलं.

१९९६ मध्ये तिसऱ्या आवृत्तीसाठी एक शब्द तपासायला बाबांनी मला मठात पाठवलं. नवे बिशप उदार होते. मी पोथी उघडली. सारेचं पान दोन पानं पुढे होतं. अब्राहाम आणि मुलगा निघून गेले आहेत, वाटेला लागलेही आहेत, आणि सारा रिकाम्या दाराशी उभी राहून बोलते आहे. तोंडावर नाही. कुणालाच नाही. तशा बायका प्रवचनांत पायलीला पन्नास होत्या.

घरी आले तेव्हा पारितोषिकाचं पत्र आलं होतं. बाबांनी नवीन कोट घातला होता.

“काय निघालं?”

“शब्द बरोबर आहे,” मी म्हणाले.

त्या शेवटच्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, बाबा उठले नाहीत. शब्बाथ लागायच्या आत पुरायचं म्हणून सगळं धावपळीत झालं. गिवात शाऊलच्या टेकडीवर पुरणाऱ्या मंडळींतल्या एकाने रिवाजाप्रमाणे त्यांना नावाने हाक मारली: “नहूम, दरवीशच्या मुला, आमचं काही चुकलं असेल तर क्षमा कर.” ज्याचं काही चुकलं असेल त्याने मनात म्हणावं, असं तो घड्याळाकडे बघत म्हणाला. मी मनातही म्हणाले नाही.

शोकाचे सात दिवस मी रीतीप्रमाणे फाडलेल्या ब्लाउजने बुटक्या स्टुलावर बसले. लोक अंडी, मसुराची आमटी आणि आठवणी घेऊन आले. बाबांचे सहकारी प्राध्यापक शाल्तिएल यांनी हयातीत त्या पुस्तकाला ‘कादंबरी’ म्हटलं होतं. ते आता गहिवरून म्हणाले, “थडग्यावर सारेचं ते वाक्यच कोरलं पाहिजे. तीस दिवसांत दगड बसेल ना? मजकूर तेवढा लवकर कळव.”

ज्या ओळीने बाबांना चूक ठरवलं, ती दगडात. मी मान हलवली.

सहाव्या दिवशी मल्केकाका आले. ऐंशी वर्षांचा माणूस चार जिने चढून आला. शोकाच्या घरी आधी आपण बोलायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं. समोर खुर्ची ओढून बसले. शेवटी मीच म्हणाले, “काका, एक सांगायचंय. ते पान…”

“ठाऊक आहे,” काका म्हणाले. “त्यालाही ठाऊक होतं.”

मी स्टूल पुढे ओढलं.

“तू येऊन गेलीस ना, त्याच्या पुढच्याच आठवड्यात आला होता. म्हणाला, एका शब्दाला पोरीला तीन तास लागले? दाखव पोथी. दोन पानं उलटली, मिटली, कॉफी मागितली. म्हणाला, ‘मल्के, पोरीने फरशीच्या दिवशी फोटो उचलले होते.’ ”

“मग मला का नाही बोलले?”

“तेच विचारलं मी. म्हणाला, ‘ती सांगेल तेव्हा बोलू.’ ” काकांनी अंड्याचं टरफल काढायला घेतलं. “हे बघ पोरी, आकडे मी घातले नाहीत, पाणी तुझ्या आईने ओतलं, पान तू लावलंस आणि पुस्तक त्याने लिहिलं. चौघांचं मिळून आहे ते. नाव एकट्याचं छापलं, म्हणून रडतेस का?”

मी हसले. सहा दिवसांत पहिल्यांदा. शोकात हसू नये म्हणतात.

त्यांनी माझी वाट पाहिली, हे खरं. वाट पाहता पाहता आणखी दोन आवृत्त्या काढल्या, हेही खरं. गुरुवारी ते पत्र त्यांनी मलाच लिहायला लावलं. तेव्हा ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी कागदाकडे.

दगड कोरणाऱ्याचा फोन आला. “बाई, नाव, बापाचं नाव, तारीख. अजून काही?”

मी वाक्य सांगितलं. मग त्या जर्मन तरुणाला दुसरं पत्र लिहिलं, पोथी मठात आहे, जरूर या.

तिसाव्या दिवशी टेकडीवर आम्ही दहा-बारा जण होतो. शाल्तिएल बोलले, लोकांनी दगडावर खडे ठेवले आणि उतरू लागले. मल्केकाका टोपी हातात घेऊन फाटकाशी थांबले. मी वाक्य वाचलं: मला ठाऊक आहे तुम्ही कुठे निघालात. गेलेल्या माणसामागे, ऐकायला कुणी नसताना. चाळीस वर्षांनी ते आपल्या जागी बसलं होतं.

“बाबा,” मी मोठ्याने म्हणाले, “ते पान मी चुकीचं लावलं होतं.”