गयाबाईंची खाट

सकाळचा राउंड संपला तशी गयाबाई तुपेंची खाट जमिनीवरून उचलली गेली, आणि दुपारपर्यंत पंख्याच्या उंचीला पोचली. हाडांच्या वॉर्डात खाटा अधूनमधून अशा वर जात. लीलामावशींनी पंखा बंद केला, भिंतीला शिडी लावली आणि खाटेखालची फरशी पुसायला घेतली. एरवी तिथे फडकं नीट पोचत नसे.

सिस्टर कुंदा गवांदे शिडीवर चढून रक्तदाब मोजायला गेल्या. गयाबाईंच्या डाव्या गुडघ्यावर शाईचा बाण होता. ऑपरेशनसाठी तो डॉ. रणनवरेंनी स्वतः काढलेला. गयाबाई मात्र सारख्या उजवा गुडघा चोळत होत्या. कुंदाताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. खाट वीतभर आणखी वर गेली.

खाली येऊन त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, तुम्हाला काही दिसलं का?"

"दिसलं की. सकाळीच."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलणार? तुम्ही सिस्टर असून गप्प आहात."

वरून गयाबाईंचा आवाज आला, "बाई गं, छत नाकाला लागतंय. चुन्याचा वास येतोय."

कुंदाताईंनी वर पाहिलं. आधीच्या हॉस्पिटलात त्यांनी एकदा अशीच चूक दाखवली, तेव्हा तिथले साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "डॉक्टर कोण, तुम्ही की मी?" तिथल्या खाटा छतातून आरपार जात, आणि नंतर त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

रणनवरे स्ट्रेचर घेऊन आले. "चला, थिएटर तयार आहे. यांना खाली घ्या."

मावशी शिडीवर चढल्या, खाटेच्या पायाला लोंबकळल्या. खाट हलली नाही.

"थांबा, डॉक्टर," कुंदाताई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. "दुखणारा गुडघा उजवा आहे. खूण डाव्यावर झालीय."

खाट मावशींसकट सावकाश खाली आली आणि फरशीला टेकली.

रणनवरेंनी एक्स-रे उजेडाकडे धरला. मग गयाबाईंना विचारलं.

"उजवाच की," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही तिकडून आत शिरणार असाल."

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. "सिस्टर, आज तुम्ही या बाईंना वाचवलंत, आणि मलाही. मावशी, यापुढे काही दिसलं तर मला हाक मारा. ओरडून मारा."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. कुंदाताईंना खूप दिवसांनी पोटभर श्वास घेता आला. बोलल्यावर ऐकून घेणारा माणूस भेटला, एवढ्यानंच त्यांना भरून आलं. गयाबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. "लेकी, तुझं भलं होऊ दे."

डॉक्टर बाण पुसायला उठले, तेव्हा त्यांचे बूट फरशीला लागले नाहीत.

"तुमचंही काही बोलायचं राहिलंय का?" कुंदाताईंनी विचारलं.

"राहिलंय. दिवसाला इतकी ऑपरेशनं लावतात, की माझ्या डोक्यात गुडघे एकमेकांत मिसळतात. मोठ्या साहेबांना हे सांगायला हवं."

"मग सांगा. आम्ही धरतो तुम्हाला."

कुंदाताईंनी त्यांचा दंड पकडला, मावशींनी कंबर, गयाबाईंनी खाटेवरूनच कोटाचं टोक. डॉक्टरांनी फोन कानाला लावला. पलीकडे रिंग वाजत होती, आणि दोघींच्या टाचा फरशीवरून सुटल्या होत्या.