रक्तातलं तूप

नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज थांबल्यावर कुमुदने नळी बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तळाला रक्ताचा लाल थर बसला होता. त्याच्यावर करडईच्या तेलासारखं स्वच्छ, पिवळसर सिरम यायला हवं होतं. आलं होतं ते दुधासारखं पांढरं.

नव्वद साल होतं. खामगावच्या त्या प्रसूतिगृहात वरच्या मजल्यावर डॉक्टरांनी शरीराबाहेर गर्भ वाढवण्याची छोटी प्रयोगशाळा काढली होती. गर्भ ज्या द्रावणात वाढतो ते मीडियम तयार मिळवणं तेव्हा कठीण, म्हणून कुमुद ते स्वतः बनवी. तीनदा ऊर्ध्वपातित केलेलं पाणी, मोजून घेतलेले क्षार, थोडं ग्लुकोज आणि शेवटी त्याच बाईच्या रक्तातलं सिरम. आईच्या रक्ताचा तेवढा अंश असला की गर्भ नीट वाढतो, असं तेव्हा मानत. खाल्लं की त्यातलं तूप-तेल रक्तात येऊन सिरम गढूळ होतं, म्हणून रक्त उपाशीपोटी घ्यायचं असे.

बाहेर बाकावर कोकिळा बसली होती. शेजारी तिची सासू तानुबाई. नवरा, शेषराव, दाराशी उभा होता.

“काही खाऊन आलात का?” कुमुदने विचारलं.

“नाही जी,” कोकिळा म्हणाली, आणि तिनं सासूकडे पाहिलं.

“खाल्लं काहीच नाही तिनं. दूध पेली,” तानुबाई म्हणाली. “वाटीभर तूप टाकून म्याच देल्लं. पोरीचं रगत काढनार म्हणे. आमच्यात लेकराच्या कामाले निघालेली बाई रिकाम्या पोटी उंबरा नाही ओलांडत.”

डॉक्टर आतून हात पुसत आले. “आजी, एवढं तूप मला कधी कोणी पाजलं नाही.”

“तुम्हाले कायले पाजतीन? पोट त पहिलेच समोर आलं तुमचं.”

डॉक्टर हसले, शेषरावही हसला. कोकिळा हसली नाही.

कोकिळेची स्त्रीबीजं उद्याच काढायची होती, आणि पुन्हा असा प्रयत्न होणार नव्हता. नांदुऱ्याच्या पाहुण्यांची मुलगी शेषरावच्या मामाने त्याच्यासाठी पाहून ठेवलेली होती. या खेपेला जमलं नाही तर आखाजीचा सण झाल्यावर तिला घरात आणायचं, असं तानुबाईनेच ठरवलं होतं. इंजेक्शनांसाठी येत असताना कोकिळेने हे कुमुदला सांगितलं होतं, बाजारातला भाव सांगावा तशा आवाजात. “मलेच ओवाळा लागन तिले,” एवढंच वर म्हणाली होती.

“घाबरू नका,” कुमुद तिला म्हणाली. “हे तूप रक्तातून उतरतं. आता पाण्याशिवाय काही घेऊ नका. संध्याकाळी मी परत रक्त घेते.”

“एकदा रगतात गेलं ते कसं उतरनार व माय?” तानुबाईने विचारलं.

कुमुदने शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. तानुबाईने मान हलवली, पण तिची नजर त्या पांढऱ्या नळीवरून हलली नाही.

संध्याकाळचं सिरम स्वच्छ आलं. कुमुदने ते तापवलं, गाळलं, मीडियममध्ये मिसळलं आणि बशा इनक्युबेटरमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बीजं मिळाली, फलनही झालं. तानुबाई जिन्यात बसून असे. कुमुद दिसली की विचारी, “खाऊन राह्यले का ते?”

“खाताहेत,” कुमुद सांगे.

मग एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली तिला गर्भ वाढायचे थांबलेले दिसले. पेशींचे भरडलेल्या ज्वारीसारखे तुकडे झाले होते. एकाची तर विभागणीच झाली नव्हती. डॉक्टरांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं. “यातलं काही आत ठेवण्यासारखं नाही,” ते म्हणाले. “तू सांगशील?” खाली एक बाळंतीण अडली होती. ते गेले.

कुमुदने दुसरी बशी काढली. त्याच मीडियममध्ये शेषरावचे शुक्रजंतू तिनं तपासणीसाठी वेगळे ठेवले होते. ते अजून पोहत होते; मीडियम बिघडलं असतं तर मेले असते. मीडियम चांगलं होतं.

ती आधी कोकिळेच्या खाटेपाशी गेली आणि झालं ते सांगितलं. कोकिळेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“तुपानं?”

“नाही. तुपाचा काही संबंध नाही. बीजंच अशक्त असावीत.”

“म्हणजे खोट माह्यात.”

“खोट म्हणू नका. वयानं होतं तसं.”

कोकिळेने दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, “बुढीले वाटते तुपानं बिघडन म्हणून. काल मले म्हणे, काही उलटं झालं त पाप माह्यं.”

“मी समजावते त्यांना.”

“नका समजावू, बाई.”

“अहो, त्या उगाच जन्मभर—”

“तिले समजलं का खोट माह्यात हाय, त नांदुऱ्याची येतेच. तिच्या मनातलं तिच्या मनात राहू द्या. एवढं करा.”

कुमुदने मागे पाहिलं. दाराशी तानुबाई आणि शेषराव येऊन उभे होते. दोघींचे चेहरे पाहून तानुबाईला काही विचारायची गरज उरली नाही. ती खाटेच्या कडेला बसली.

“खरं सांग, पोरी,” ती कुमुदला म्हणाली. “मी लहान नाही. तुपानंच झालं न?”

कोकिळा भिंतीकडे पाहत होती.

“उपाशी यायला सांगितलं होतं,” कुमुद म्हणाली.

वाक्य खरं होतं. तानुबाईने ते ऐकलं आणि तिचे खांदे खाली आले.

“शेषराव, नांदुऱ्याले नाही म्हणून निरोप धाड.”

“माय, पन मामा—”

“मामाले मी सांगीन. चूक म्या केली, अन् भोगन ही काऊन? मी जित्ती हाव तवरक दुसरी नाही येनार या घरात.” मग कुमुदकडे वळून तिनं विचारलं, “पोरगा होता का पोरगी?”

“एवढ्यात ते कळत नाही, आजी.”

“नाही कळत,” तानुबाई म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून रडू लागली. कोकिळा उठून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. “नका रडू,” ती म्हणत होती, “नका रडू.” कुमुदकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.